चामखीळ काढायची आहे? आधी हे वाचा, मग ठरवा

हाताला, बोटाला, तळपायाला चामखीळ आली की लोकं एक तर वर्षानुवर्षं तिच्याकडे बघतच नाहीत, नाहीतर एका सुट्टीच्या दिवशी ब्लेड, चुना, बिब्बा, जे हाताला लागेल ते लावून मोकळे होतात. मी साताऱ्यात एका स्किनच्या दवाखान्यात नर्स आहे. खरं सांगते, चामखिळीचं एवढं काही वाटत नाही, पण ती काढायच्या नादात भाजलेली बोटं आणि चेहऱ्यावरचे काळे डाग बघितले की फार वाईट वाटतं, कारण त्यातलं बरंचसं टाळता आलं असतं. म्हणून कुठला उपचार कधी, कुठल्या जागेवर आणि कसा करतात ते सविस्तर लिहितेय. आपल्या सावळ्या-गव्हाळ कातडीवर भाजल्याचा डाग चामखिळीपेक्षा जास्त टिकू शकतो, तेव्हा घाई करायची नाही हे आधीच सांगून ठेवते.

पहिलं काम म्हणजे ती नक्की चामखीळच आहे का ते बघा. आपल्याकडे कातडीवर काहीही वर आलं की त्याला चामखीळ किंवा मस म्हणतात आणि इथेच सगळी गडबड होते. मानेवर, काखेत मऊ लोंबणारे छोटे दाणे असतात ते स्किन टॅग, त्यांचा व्हायरसशी काही संबंध नाही. वजन जास्त असेल, शुगरची प्रवृत्ती असेल तर ते जास्त येतात, म्हणून खूप आले असतील तर एकदा शुगर तपासून घ्या. चाळिशीनंतर गालावर, डोळ्यांच्या बाजूला बारीक काळे दाणे येतात, ते बऱ्याचदा घराण्यातच असतात, तेही व्हायरसचे नाहीत आणि कुणाला पसरत नाहीत. व्हायरसची जी खरी चामखीळ, जिला डॉक्टर वॉर्ट म्हणतात, ती खरखरीत असते, वरून फुलकोबीसारखी फुटलेली दिसते, आणि जरा खरवडली की आत बारीक काळे ठिपके दिसतात. त्या ठिपक्यांना लोकं मुळं म्हणतात पण ती मुळं नाहीत, रक्त गोठलेल्या केसासारख्या बारीक रक्तवाहिन्या आहेत. चामखिळीला मूळ नसतं, ती कातडीच्या वरच्या थरातच असते, त्यामुळे "मुळासकट उपटा" म्हणून खोल कोरायची काहीच गरज नसते, खोल कोरलं की व्रण मात्र नक्की राहतो.

तळपायाला तर सगळ्यात जास्त गोंधळ होतो, कुरूप आहे की चामखीळ? साधी खूण सांगते. वरून अंगठ्याने सरळ दाबलं की जास्त दुखतं ते बहुतेक कुरूप, आणि दोन्ही बाजूंनी चिमटीत धरून दाबलं की जास्त दुखते ती बहुतेक चामखीळ. शिवाय कुरुपावरून तळव्याच्या रेषा तशाच पुढे जातात, चामखिळीपाशी त्या तुटतात आणि बाजूने वळून जातात. कुरूप हे दाबामुळे, चुकीच्या चपलेमुळे होतं, त्यामुळे चामखिळीचं औषध लावून ते तात्पुरतं कमी झालं तरी चप्पल तीच राहिली तर परत येणारच.

आणि हे नीट वाचा. एखादा दाणा पटपट वाढतोय, त्याचा रंग बदलतोय, कडा वेड्यावाकड्या आहेत, आपोआप रक्त येतंय, किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच एकटा एक कडक दाणा आलाय आणि बरा होत नाहीये, तर घरी काहीही लावू नका, सरळ त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. तळपायावर किंवा नखाखाली नवीन काळा डाग आला असेल तर तेही आधी दाखवायचं. गंभीर काही असेलच असं नाही, बहुतेक वेळा नसतंच, पण न तपासता जाळून टाकलं तर तपासायला काही उरतच नाही.

आता ही येते कशामुळे ते थोडक्यात, कारण ते कळलं की उपचार का वेळ घेतात तेही कळतं. एचपीव्ही नावाचा व्हायरस आहे, त्याचे शंभरापेक्षा जास्त प्रकार आहेत. हातापायाची चामखीळ करणारे प्रकार वेगळे आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरशी संबंध असलेले वेगळे, तेव्हा बोटाला वॉर्ट आहे आणि रिपोर्टवर एचपीव्ही लिहिलंय म्हणून घाबरून रात्र काढू नका. बारीक चिरेतून, खरचटलेल्या जागेतून हा व्हायरस आत शिरतो आणि वरच्या थरातच राहतो, रक्तात जात नाही. त्यामुळे शरीराच्या रोगप्रतिकारक यंत्रणेला त्याचा पत्ता लागायलाच वेळ लागतो, कधी महिने, कधी वर्षं. एकदा पत्ता लागला की मात्र आठ-दहा चामखिळी एकदमच सुकून जातात. नवस बोलल्यावर, कुणी मंतरलेला दोरा बांधल्यावर चामखीळ गेली असं लोकं सांगतात ते खोटं बोलत नसतात, ती तेव्हा जाणारच होती.

म्हणूनच काहीच न करणं हासुद्धा एक उपचार आहे, विशेषतः लहान मुलांमध्ये. मुलांच्या साधारण दोन तृतीयांश चामखिळी दोन वर्षांत आपोआप जातात. मुलाला दुखत नसेल, शाळेत कुणी चिडवत नसेल, पसरत नसतील तर थांबायला हरकत नाही, आजीचा कितीही आग्रह असला तरी. मोठ्या माणसांत मात्र वेळ जास्त लागतो. दुखणारी, वाढणारी, नखाच्या कडेची, चेहऱ्यावरची असेल, किंवा शुगर, एचआयव्ही, किडनी ट्रान्सप्लांट असं काही असेल तर वाट बघत बसू नका.

घरी करण्यासारखा खरा उपचार एकच, सॅलिसिलिक अ‍ॅसिडचं औषध. मेडिकलमध्ये वॉर्ट पेंट म्हणून छोटी बाटली मिळते, त्यात साधारण १६-१७ टक्के सॅलिसिलिक अ‍ॅसिड आणि बहुतेक वेळा तेवढंच लॅक्टिक अ‍ॅसिड असतं, लावलं की नेलपॉलिशसारखा थर वाळतो. हे औषध काम करतं पण लोकं ते अर्धवट लावतात आणि मग उपयोग नाही म्हणतात. रात्री झोपताना करायचं ते असं. आधी कोमट पाण्यात ती जागा पाच-दहा मिनिटं बुडवून ठेवा, कातडी मऊ पडली पाहिजे. मग पुसून कोरडी करा आणि वरची पांढरी पडलेली मेलेली कातडी नेलफाइलने किंवा वजरीने हलक्या हाताने घासून काढा, रक्त यायच्या आत थांबायचं. ती फाइल किंवा वजरी फक्त त्याच कामाला ठेवा, त्याच वजरीने टाचा घासल्या तर व्हायरस टाचेवर, आणि घरातल्या दुसऱ्या कुणी वापरली तर त्यांच्या पायावर. मग चामखिळीच्या भोवती चांगल्या कातडीला व्हॅसलिनचं कडं करा म्हणजे औषध पसरून भाजणार नाही, आणि काडीने फक्त चामखिळीवर थेंबभर औषध लावा. वाळू द्या. तळपायाची जाड असेल तर वरून चिकटपट्टी लावून झोपा, औषध जास्त आत जातं. सकाळी पट्टी काढा, परत रात्री तेच.

हे रोज, आणि किती दिवस? बारा आठवड्यांपर्यंत. हो, तीन महिने, आठवड्याभरात जाईल अशी अपेक्षाच ठेवू नका. मधे जागा लाल झाली, झोंबायला लागली तर दोन-तीन दिवस सुट्टी द्या आणि परत सुरू करा. वरून सपाट दिसायला लागली म्हणून बंद करू नका, त्या जागेवर बोटाच्या किंवा तळव्याच्या रेषा परत सलग दिसायला लागल्या आणि काळे ठिपके गेले म्हणजे खरी गेली, त्याआधी थांबलं की ती परत डोकं वर काढते.

सॅलिसिलिक कुठे लावायचं नाही तेही तेवढंच महत्त्वाचं. चेहऱ्यावर नाही, ओठाजवळ नाही, जांघेत आणि गुप्तांगावर अजिबात नाही, आणि शुगर असणाऱ्यांनी पायाला स्वतःच्या मनाने लावायचं नाही. पायाची संवेदना कमी झालेली असते, भाजलेलं कळतच नाही आणि जखम चिघळते. गरोदर बाईने, दूध पाजणाऱ्या आईने आणि अगदी लहान बाळाला लावायच्या आधी डॉक्टरांना विचारायचं.

घरगुती उपायांबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात म्हणून स्पष्टच लिहिते. चुना आणि सोडा एकत्र करून लावतात, तो रासायनिक भाजण्याचाच प्रकार आहे, चामखीळ जाते कधीकधी पण बरोबर आजूबाजूची कातडीपण जाते आणि किती खोल जाळायचं यावर आपला काहीच ताबा नसतो. बिब्बा तर लावूच नका, बिब्बा उतला की लांब लांबपर्यंत फोड, पाणी, खाज, आणि नंतर महिनोन्महिने काळे डाग. रुईचा चीक हाताला राहून डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. लसूण ठेचून रात्रभर बांधून ठेवली की फोड येतो, व्हिनेगरने कातडी भाजते. दोरा किंवा घोड्याचा केस बांधायचा प्रकार लोंबणाऱ्या स्किन टॅगला करतात, त्यात पू झालेला आम्ही बऱ्याचदा बघतो. खरखरीत वॉर्टला तर दोरा बांधून काहीच होत नाही कारण तिला देठच नसतो. आणि ब्लेडने कापू नका, कापलेल्या जागेतून व्हायरस बाजूला लागतो आणि एकाच्या चार होतात.

डक्ट टेपचं पण बरंच फिरतं. २००२ साली एका अमेरिकन अभ्यासात ती पट्टी चांगली ठरली होती, पण नंतर २००६ आणि २००७ मध्ये झालेल्या अभ्यासांत ठळक फरक दिसला नाही. लावलीत तर फारसं नुकसान नाही, भरवसा ठेवू नका एवढंच. होमिओपॅथीतल्या थुजाबद्दल पण कायम विचारतात. कॅनडात १९९२ साली तळपायाच्या चामखिळींवर थुजा धरून तीन होमिओपॅथिक औषधांची औषध नसलेल्या नुसत्या गोळ्यांशी तुलना केली होती, फरक आला नाही. मुलांच्या आपोआप जातात हे वर लिहिलंच आहे, त्याचं श्रेय त्या काळात जे चालू असेल त्याला मिळतं.

आता दवाखान्यात काय करतात ते.

सगळ्यात जास्त ऐकलेलं म्हणजे गोठवणं, क्रायो. उणे १९६ अंश सेल्सिअसचा लिक्विड नायट्रोजन असतो, गावाकडच्या लोकांनी तो बघितलेला असतो, गायी-म्हशींच्या कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या कंटेनरमधून धूर निघताना आणतात त्यात हाच असतो. तो कापसाच्या काडीने किंवा स्प्रे गनने चामखिळीवर लावतात, ती आणि भोवती एखाद-दोन मिलिमीटर कातडी पांढरीफट्ट होईपर्यंत, साधारण दहा ते तीस सेकंद. झोंबतं, चटका बसल्यासारखं ठणकतं, नंतरही काही तास ठणका राहू शकतो. दुसऱ्या दिवशी फोड येतो, कधी रक्ताने भरलेला जांभळा-काळा फोड येतो आणि माणूस घाबरून फोन करतो. तो अपेक्षितच असतो, फोडायचा नाही, आपोआप सुकून एक-दोन आठवड्यांत खपली पडते. फोड खूप मोठा झाला, पू आला, लाली वर चढत गेली, ताप आला तर मात्र लगेच दाखवायचं. एका सिटिंगमध्ये भागेल असं नसतं, दर दोन-तीन आठवड्यांनी परत करावं लागतं आणि हे अंतर पाळणं फार गरजेचं आहे, दोन महिन्यांनी उगवलात तर ती परत पहिल्यासारखी झालेली असते.

क्रायोबद्दल दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. एक, गोठवलेल्या जागी पांढरा डाग पडू शकतो, रंग तयार करणाऱ्या पेशी थंडीने लवकर मरतात, आणि आपल्या रंगावर तो उठून दिसतो, चेहऱ्यावर तर विचार करूनच करायचं. दुसरं, जागेप्रमाणे फरक पडतो. नेदरलँड्समध्ये २०१० साली एक अभ्यास आला, त्यात हाताच्या वगैरे साध्या चामखिळी १३ आठवड्यांत क्रायोने ४९ टक्के लोकांच्या गेल्या, सॅलिसिलिकने १५ टक्के आणि काहीच न करता ८ टक्के. पण तळपायाच्या चामखिळींत असा मोठा फरक दिसला नाही, क्रायो ३० टक्के आणि सॅलिसिलिक ३३ टक्के. म्हणजे हाताला असेल तर क्रायोसाठी पैसे आणि दुखणं सोसण्यात अर्थ आहे, तळपायाला असेल तर आधी नीट तीन महिने सॅलिसिलिक लावून बघायला माझं तरी पूर्ण मत आहे. ऑनलाइन जे फ्रीझ स्प्रे मिळतात ते लिक्विड नायट्रोजनएवढे थंड होत नाहीत, आणि स्किन टॅग, तीळ, चामखीळ सगळ्यावर तोच मारायचा हे मला पटत नाही.

दुसरा प्रकार जाळून काढणं, इलेक्ट्रोकॉटरी किंवा रेडिओफ्रिक्वेन्सी. आपल्याकडे छोट्या शहरांत हाच जास्त चालतो कारण मशीन लहान असतं आणि नायट्रोजन भरून आणायचा त्रास नाही. आधी तासभर भुलेचं क्रीम लावून वर प्लास्टिक गुंडाळतात, किंवा भुलेचं इंजेक्शन देतात. खरं सांगायचं तर बोटाला आणि तळव्याला ते इंजेक्शनच जास्त दुखतं, नंतर काही कळत नाही. फायदा असा की चामखीळ त्याच दिवशी निघते. तोटा असा की जखम होते, बोटाची साधारण आठ-दहा दिवसांत भरते, तळपायाला दोन-तीन आठवडे लागतात, आणि तळव्यावर जाड व्रण राहिला तर चालताना कायमचा टोचतो, म्हणून तळपायाला कॉटरी करताना चांगले डॉक्टर हात आखडता घेतात. पेसमेकर असेल, रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, जखमेवर कातडी जाड फुगून वर येण्याची प्रवृत्ती असेल तर न विचारता आधीच सांगा. जाळताना निघणाऱ्या धुरातसुद्धा व्हायरसचा अंश असतो, म्हणून डॉक्टर मास्क लावतात आणि धूर ओढायचं मशीन चालू ठेवतात. पार्लरमध्ये यातलं काही नसतं आणि सुई तीच दुसऱ्याला लावलीय का तेही आपल्याला कळत नाही, कृपा करून पार्लरमध्ये चामखीळ जाळून घेऊ नका.

लेझरबद्दल थोडक्यात, सीओटू लेझरने पण काढतात, महाग असतं, हट्टी चामखिळींना उपयोगी पडतं, पण लेझर म्हणजे डाग पडणार नाही आणि परत येणार नाही अशी समजूत असेल तर ती खरी नाही.

मला स्वतःला ज्याच्याबद्दल सगळ्यांना सांगावंसं वाटतं तो प्रकार म्हणजे इम्युनोथेरपी. दहा-वीस चामखिळी असतील, सारख्या परत येत असतील तर एकेक जाळत बसण्यापेक्षा शरीरालाच व्हायरस दाखवून द्यायचा. लहान मुलांना देतात तीच एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेलाची) लस थोडीशी, सगळ्यात मोठ्या चामखिळीत टोचतात, साधारण दोन-तीन आठवड्यांनी परत, असे काही डोस. कुणी व्हिटॅमिन डी३ टोचतात. आपल्याच देशात कुष्ठरोगासाठी तयार झालेली एमडब्ल्यू नावाची लसही यासाठी वापरतात. टोचलेली जागा सुजते, दुखते, एखादा दिवस कणकण येते. गंमत अशी की टोचतात एकीला आणि जमलं तर लांबच्या, हात न लावलेल्या चामखिळीसुद्धा सुकतात, व्रण नाही, पट्टी नाही. प्रत्येकाला लागू पडतंच असं नाही आणि पहिल्या-दुसऱ्या डोसला काही दिसलं नाही तरी सोडायचं नसतं. एमएमआर जिवंत विषाणूंची लस आहे त्यामुळे गरोदर असाल, लवकरच दिवस राहायचा विचार असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील तर ती चालत नाही.

याच्याही पुढे ब्लिओमायसिनचं इंजेक्शन आहे, तेच जे कॅन्सरलाही वापरतात, ते फक्त खूप हट्टी वॉर्टसाठी आणि अनुभवी हातातच.

नखाच्या कडेच्या चामखिळी सगळ्यात चिवट. नखं खाणाऱ्यांना हमखास होतात आणि दातांनी त्या दहाही बोटांना पोचतात. आधी नखं खाणं बंद, त्याशिवाय कुठलाच उपचार टिकत नाही. तिथे जोरात गोठवलं किंवा जाळलं तर नख कायमचं वाकडं येऊ शकतं, म्हणून डॉक्टर हळूहळू करत असतील तर करू द्या, घाई लावू नका.

चेहऱ्यावर बऱ्याचदा चपट्या, कातडीच्याच रंगाच्या, बारीक बारीक येतात, पुरुषांच्या दाढीच्या भागात रांगेने दिसतात कारण ब्लेड त्यांना पसरवतं. बरं होईपर्यंत दाढी ट्रिमरने करा, सलूनमध्ये नवीन ब्लेड मागा, आणि चेहऱ्यावर चामखिळी असताना थ्रेडिंग, वॅक्सिंग बंद. यांना सहसा रात्री लावायचं रेटिनॉइड (व्हिटॅमिन ए पासून बनवलेलं) क्रीम देतात, त्याने आधी थोडी आग होते, सालं निघतात, उन्हात जाताना सनस्क्रीन लागतंच.

लघवीच्या जागेवर, गुदद्वाराजवळ आल्या तर लाजून लपवू नका आणि मेडिकलमधून वॉर्ट पेंट आणून लावू नका, तिथली कातडी नाजूक असते, भयंकर भाजते. त्यासाठी वेगळी औषधं असतात, इमिक्विमॉड क्रीम, किंवा डॉक्टरांनी स्वतः लावायचं पोडोफायलिन, जे काही तासांनी धुवायचं असतं आणि गरोदरपणात अजिबात चालत नाही. जोडीदारालाही तपासायला न्या. सरकारी दवाखान्यातल्या त्वचा आणि गुप्तरोग विभागात हे रोज बघतात, मुंबईत केईएम, सायन, पुण्यात ससून, आणि तिथे कुणी तोंड वाकडं करत नाही. या जागेच्या बहुतेक चामखिळी एचपीव्हीच्या ६ आणि ११ प्रकाराने होतात आणि पुण्यात सिरमने बनवलेल्या सर्व्हाव्हॅक लसीत हे दोन्ही आहेत, तेव्हा मुलामुलींसाठी या लसीबद्दल डॉक्टरांशी बोला. आलेली चामखीळ लसीने जात नाही, पुढची टळते.

लहान मुलांच्या अंगावर मोत्यासारखे गुळगुळीत, मधे खळगा असलेले दाणे आले तर ते वॉर्ट नाही, मोलस्कम. वेगळा व्हायरस, साधारण सहा ते अठरा महिन्यांत आपोआप जातो. फोडू नका, टॉवेल वेगळा ठेवा, फार पसरले तर डॉक्टर खरवडून काढतात किंवा केओएचचं (पोटॅशियम हायड्रॉक्साइडचं) औषध लावायला देतात.

डॉक्टरकडे जाल तेव्हा एमडी, डीडीव्ही किंवा डीव्हीडी झालेल्या त्वचारोगतज्ज्ञाकडेच जा, आणि सुरू करायच्या आधी विचारून घ्या की पैसे प्रत्येक चामखिळीचे की सिटिंगचे, साधारण किती सिटिंग लागतील, डाग पडायची शक्यता किती, परत आली तर काय. हे विचारल्याने कुणी चिडत नाही. लग्न, साखरपुडा, परीक्षा, वारी असं काही असेल तर तारीख सांगा, तळपायाची कॉटरी करून चौथ्या दिवशी वारीत चालता येत नाही आणि चेहऱ्याच्या खपल्या लग्नाच्या मेकअपखाली झाकत नाहीत, त्यासाठी निदान दीड-दोन महिने हाताशी ठेवून या.